काचेच्या अलीकडून

गुरुवार, २१ ऑगस्ट २००८. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे.

मी वाफ घेण्यासाठी पाणी तापवत होतो तेव्हा फोन वाजला. तुमच्या यजमानांचा आवाज होता. "सर, संपलं." "येतो," एवढे म्हणून फोन ठेवला. पाणी उकळून निम्मे झाले होते. गॅस बंद केला.

मेश्राम, आता संध्याकाळ झाली आहे. तुमचा जन्म कुठला, पदव्या कोणत्या, किती वर्षे सेवा केली, हे उद्या रुग्णालयाच्या फलकावर कोणीतरी लावील. ते काम माझे नव्हे. माझे तुमच्याशी एक भांडण अर्धे राहिले आहे. शिवाय एक वाक्य सांगायचे राहिले आहे. ते सांगण्यासाठी मी गेल्या रविवारी विश्रांतवाडीपर्यंत आलो होतो आणि तुमच्या फाटकातून परत फिरलो होतो.

तुम्ही नागपूरहून आलात तेव्हा मी तान्ह्या मुलांच्या वॉर्डाचा प्रमुख होतो. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या राउंडला मागे उभ्या होतात. आमच्या राउंडची एक रीत होती. कांबळे सिस्टर माझ्या डाव्या हाताला चालत. त्यांच्या हातात एनॅमलचे तसराळे, त्यात जंतुनाशकाचे दुधाळ पाणी आणि मनगटावर इस्त्री केलेला टॉवेल. एक बाळ तपासून झाले की मी बोटे त्या पाण्यात बुडवीत असे, टॉवेलला पुशीत असे आणि पुढच्या खाटेकडे वळत असे. माझ्या गुरूंनी हेच केले होते. वॉर्डात त्या तसराळ्याला मान होता.

शेवटच्या खाटेशी तुम्ही विचारलेत, "सर, हे पाणी कधी बदलतात?"

"राउंड संपल्यावर."

"म्हणजे शेवटच्या बाळाला अख्ख्या वॉर्डाचं तीर्थ मिळतं."

कांबळे सिस्टरांनी मान खाली घातली. त्या हसू दाबत होत्या हे मला दिसले. खोचक बोलण्याचा मक्ता पुण्याकडे आहे असा माझा तोवर समज होता. मी म्हणालो, "नागपूरला काय, प्रत्येक बाळामागे नदी वाहते का?"

"नाही सर. नळ वाहतो."

तसराळे राहिले. तुम्हीही राहिलात. तुम्ही मात्र त्यात कधी हात घातला नाहीत. वॉर्डाच्या टोकाला जो एकमेव नळ होता, तिथे प्रत्येक बाळानंतर चालत जात होतात आणि येताना हात वर धरून, हवेवर वाळवीत येत होतात. राउंडला दुप्पट वेळ लागे. मी घड्याळाकडे पाहत असे. तुम्ही माझ्याकडे पाहत नसा.

त्या वर्षांत रुग्णालयात पैसा येऊ लागला होता. दर्शनी भागाला काच आली, प्रतीक्षागृह थंडगार झाले. हिंजवडीच्या एका कंपनीने वॉर्डाला मऊ खेळण्यांनी भरलेले कपाट दिले. समारंभात विश्वस्तांनी विचारले, "डॉक्टर, आणखी काय हवं?" तुम्ही म्हणालात, "त्या कपाटाला कुलूप. आणि चार नळ." एका बाळाने चोखलेले अस्वल दुसऱ्याच्या तोंडात जाऊ नये म्हणून कुलूप, हे तुम्ही समजावून सांगितलेत. तोवर ते छायाचित्रकाराकडे वळले होते. शिवाय वॉर्डालगतची खोली, जी कधीकाळी संसर्ग झालेल्या मुलांसाठी राखीव होती, ती बिलांच्या संगणकांना देण्यात आली. त्या कागदावर माझी सही होती. संगणक यायलाच हवे होते. जागा दुसरी नव्हती. हे माझे तेव्हाचे म्हणणे, आणि आजचेही.

मग २००३ चा पावसाळा.

आदल्या आठवड्यात हर्नियासाठी दाखल केलेले बाळ सोमवारी खोकू लागले. आले तेव्हा त्याची छाती स्वच्छ होती. मीच तपासली होती. दुपारपर्यंत शेजारच्या खाटेवरच्या बाळाच्या नाकपुड्या फुलू लागल्या. ते जुलाबासाठी आले होते. म्हणजे खोकला त्यांनी घरून आणला नव्हता. तो त्यांना आमच्याकडे मिळाला होता.

तुम्ही माझ्या खोलीत आलात. दार लावून घेतलेत.

"सर, वॉर्डात फिरतोय."

"पावसाळा आहे. मुलं खोकतात."

"कोपऱ्यातली खाट," तुम्ही म्हणालात.

कोपऱ्यातल्या खाटेवर लोणी काळभोरच्या रेखाची मुलगी होती. हृदयात छिद्र. वजन भरेपर्यंत शस्त्रक्रिया करता येत नव्हती आणि घरी धाडावे इतकी तिच्या श्वासाची शाश्वती नव्हती. धडधाकट बाळाला हा विषाणू आठवडाभर छळतो आणि सोडून देतो. तिला त्याने सोडले नसते. त्यावर औषध नव्हते. आमच्याकडे ऑक्सिजन होता, सलाइन होते आणि वाट पाहणे होते. विषाणू शिंकेतून जवळच्याच्या अंगावर उडतो, पण त्याहून जास्त तो हातांवरून, खाटेच्या कठड्यावरून, चमच्यावरून चालत जातो. त्या मुलीचा जीव आता आमच्या हातांवर होता. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही.

मंगळवारी सकाळपर्यंत तिसरे बाळही खोकू लागले होते. तेवढ्यात तुमचा फोन आला. आवाज घोगरा होता.

"सर, माझा घसा धरलाय. नाक वाहतंय. मी वॉर्डात पाऊल टाकणार नाही."

"मग कुठे टाकणार?"

"काचेबाहेर उभी राहीन. तिथून सांगेन."

"मेश्राम, वॉर्ड पेटलाय आणि तुम्ही सर्दी झाली म्हणून रजा मागताय?"

"रजा नाही मागत. आज त्या वॉर्डात शिरू शकणारी सगळ्यात घातक व्यक्ती मी आहे, एवढंच सांगतेय."

मी फोन आपटला. माझ्या साऱ्या नोकरीत मी आजारपणाची रजा घेतलेली नव्हती. ताप असला तर गोळी घ्यायची आणि कामावर यायचे. आम्ही सारे असेच वाढलो. कांबळे सिस्टर मुलीच्या साखरपुड्याला अर्धा दिवस गेल्या होत्या, त्याबद्दल त्या वर्षभर ओशाळल्या होत्या. आजार अंगावर काढणे ही आमची इभ्रत होती आणि तुम्ही ती काचेबाहेर उभी केलीत.

तुम्ही आलात. नाकातोंडाला फडके बांधून व्हरांड्यातल्या मोठ्या खिडकीशी उभ्या राहिलात. आत आवाज पोहोचत नव्हता, म्हणून तुम्ही फोन केलात, आणि तो वाजला मनीषाकडे.

मनीषा बाणेरला राहत असे, एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिचा मुलगा मुदतीआधी जन्मलेला, वजनासाठी ठेवलेला. तिच्या मोबाइलवर येणारे फोन नुकतेच फुकट झाले होते आणि तिने वॉर्डातल्या सगळ्या आयांना सांगून टाकले होते, "द्या माझा नंबर तुमच्या घरी. मला काय, फुकटच आहे." त्यामुळे तो फोन दिवसभर खाटांवरून फिरे. आया बोलत, मग तो बाळाच्या कानाला लावत, तोंडाशी धरत. "बोल बाय, बोल तुज्या आज्याशी! हाय का गं, ऐकू येतंय का?" अशी रेखा मुलीला बोलती करू पाही. पलीकडून कोणीतरी हुंकार ऐकून रडे.

मी आदल्याच दिवशी फोनवर बंदी घालायला निघालो होतो. तुम्ही अडवलेत. "बंदी घातलीत तर पदराखाली बोलतील, सर. मग तो पुसणार कोण?" तुम्ही तो पारदर्शक पिशवीत घालून खिडकीशी टांगलात. बोलून झाले की पिशवी स्पिरिटने पुसायची. बाळाच्या तोंडाशी न्यायचा नाही. रेखा म्हणाली, "आन् आज्याला आवाज कसा जायचा?" तुम्ही म्हणालात, "बाळ रडलं की इथवर ऐकू येतं, लोणीपर्यंतही जाईल." ती हसली. पुढे तीच इतर आयांना पिशवी पुसायला लावू लागली.

तर त्या पिशवीतून तुमचा आवाज येऊ लागला.

"सर, खोकणारी तिन्ही बाळं नळाच्या बाजूला घ्या. त्यांना एकच सिस्टर. ती दुसऱ्यांना हात लावणार नाही."

"सिस्टर आहेत किती, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. आणि संगणकांची खोली रिकामी करा. रेखाच्या मुलीला तिथे न्या."

"संगणक कुठे ठेवू? डोक्यावर?"

"व्हरांड्यात, माझ्याजवळ. संगणकांना सर्दी होत नाही."

दुपारपर्यंत संगणक व्हरांड्यात आले. लेखा विभागाने विश्वस्तांना फोन केला, विश्वस्तांनी मला केला. मी म्हणालो, "गळती आहे." छत कोरडे ठणठणीत होते. तुम्ही काचेपलीकडून अंगठा दाखवलात. माझ्या खोटेपणाला तुम्ही दिलेली ती एकमेव दाद.

खोली पुसून वाळेपर्यंत मुलगी वॉर्डातच होती. मी राउंड सुरू केला. कांबळे सिस्टर तसराळे घेऊन शेजारी. खोकणाऱ्या तीन बाळांना तपासले, बोटे बुडवली, टॉवेलला पुसली आणि कोपऱ्यातल्या खाटेकडे वळलो. रेखाने मुलीचे झबले वर केले. माझा हात तिच्या छातीपासून वीतभर अंतरावर असेल.

काचेवर धाड धाड आवाज झाला.

सगळा वॉर्ड थांबला. तुम्ही दोन्ही तळव्यांनी काच बडवीत होता. फडके घसरले होते. आवाज येत नव्हता, पण ओठ स्पष्ट दिसत होते, आणि तुमची नागपुरी मला एव्हाना वाचता येत होती. "काहून हात धुवून नाही राहिले तुम्ही? काहून?"

मी आयांसमोर, नर्सेससमोर, एका हाताखालच्या डॉक्टरकडून ते ऐकत होतो. ऐकतही नव्हतो, पाहत होतो. मुलगी माझ्याकडे बघत पाय झाडत होती. ओठ निळसर.

मी वळलो. वॉर्डाच्या टोकापर्यंत चालत गेलो. नळाखाली हात धुतले, कोपरापर्यंत. परत आलो हात वर धरून. कांबळे सिस्टरांनी टॉवेल पुढे केला नाही. त्यांनी तसराळे खाली ठेवले होते. ते पुन्हा कोणी उचलले नाही.

रेखाच्या मुलीला विषाणूने गाठले नाही. वजन भरले, शस्त्रक्रिया झाली. मागच्या वर्षी रेखा तिला घेऊन मार्केट यार्डात माल द्यायला आली तेव्हा वाट वाकडी करून ती वॉर्डात डोकावली, हे तुम्हीच मला सांगितले होतेत. "शाळेत जाते, सर. फार बोलते." तुमच्या आवाजात तक्रार नव्हती.

मनीषाचा मुलगा मात्र बुधवारी खोकू लागला आणि शुक्रवारी गेला. तिचा नवरा गाडी आणायला खाली गेला होता, तेवढ्या वेळात तो मोबाइल वाजला. दुसऱ्याच कोणाच्या घरचा फोन होता. मनीषाने पिशवी उचलली, त्या आईपर्यंत नेऊन दिली, बोलणे संपेपर्यंत शेजारी उभी राहिली, मग पिशवी पुसली आणि फोन बाहेर काढून पर्समध्ये ठेवला. तुम्ही काचेबाहेरून हे पाहिलेत. आत येऊन तिचा हात धरणे तुम्हाला शक्य होते. तुम्ही आला नाहीत. मी आत होतो. मला ते जमले नाही.

त्यानंतर तुम्ही एक नियम लिहिलात: सर्दी, खोकला, ताप असलेला कोणीही माणूस, मग तो कोणीही असो, तान्ह्या मुलांच्या वॉर्डात येणार नाही. मी सही केली आणि भांडलो. माझे म्हणणे तुम्हाला पाठ होते. दोन सिस्टर घरी बसल्या की उरलेल्या एकीचे हात बारा बाळांना लागतात. थकलेली सिस्टर हात धुवायचे टाळते. मग तुमचा नियम जो विषाणू दारात अडवतो, तोच मागच्या खिडकीने आत येतो.

"हे खरं आहे," तुम्ही म्हणायचात. "म्हणून सिस्टर वाढवा म्हणा, सर. आजारी माणसं आत घ्या म्हणू नका."

"वाढवणार कोण?"

"प्रमुख कोण आहे?"

मी निवृत्त झालो, तुम्ही प्रमुख झालात. मी दर शुक्रवारी मानद राउंडला येत राहिलो आणि भांडण तेवढ्याच ताकदीने चालू राहिले. आता उलट्या बाजूने: "सिस्टर वाढवल्यात का?" सिस्टर वाढल्या नव्हत्या. नळ मात्र आले. चारांऐवजी सहा.

मनीषाचा मुलगा गेला त्या शुक्रवारनंतर काही आठवड्यांनी तुम्ही मला जिन्यात थांबवले होतेत.

"सर, मी सोमवारी दिवसभर वॉर्डात होते. मनीषाच्या बाळाला मीच तपासलं होतं. मीच दिलं असेल का?"

मी म्हणालो, "हात धुवा आणि कामाला लागा."

तुम्ही गेलात. तो विषय पुन्हा काढला नाहीत. पण पुढे विद्यार्थ्यांना शिकवताना त्या सोमवाराशी आलात की तुमचे वाक्य तुटे, हे मी मागच्या बाकावर बसून पाहिले आहे.

मला सांगायचे राहिलेले वाक्य हे. दिवस जुळत नाहीत, मेश्राम. विषाणू अंगात शिरल्यापासून खोकला येईपर्यंत चार-पाच दिवस जातात. सोमवारी खोकणाऱ्या बाळाला, आणि बुधवारी खोकणाऱ्या मनीषाच्या मुलालाही, तो आदल्या आठवड्यातच मिळालेला होता. तुमचा घसा मंगळवारी धरला. वॉर्डाने विषाणू तुम्हाला दिला. हे गणित तुम्ही शेकडो मुलांना शिकवलेत आणि स्वतःपुरते कधी मांडले नाहीत. पूर्ण खात्री कोणी देऊ शकणार नाही. खोटे सांत्वन मी तेव्हा केले नाही, आजही करणार नाही. पण दिवस तुमच्या बाजूने आहेत. रेखाची मुलगी वाचली त्यात तुमच्या बाहेर उभे राहण्याचा वाटा किती, हेही मी कधी बोललो नाही.

रविवारी हे सांगायला आलो. कर्करोगावरच्या औषधांनी तुमच्या अंगात प्रतिकार उरलेला नव्हता, घरात मुलीचे तान्हे बाळ होते, हे ठाऊक होते. फाटकाची कडी काढली आणि मला शिंक आली. मग आणखी एक. मी तिथेच थांबलो. वर खिडकीत तुम्ही बसलेल्या होतात, डोक्याला पांढरा रुमाल बांधून. मी मोबाइल काढला.

"मेश्राम, मला सर्दी झाली आहे. वर येत नाही."

मग तुम्ही हसलात. त्या हसण्याने तुम्हाला दम लागला.

"सर, तुम्ही? आणि सर्दी? गोळी घेऊन कामावर या ना."

"पुढच्या रविवारी येतो."

"उपकार होतील. हात धुवून या."

असले वाक्य फोनवर उभ्याउभ्या सांगायचे नसते, समोर बसून सांगायचे असते, असे मला वाटले. तुम्ही काचेवर तळवा टेकवलात. बडवला नाहीत. मी फाटक लावून घेतले.

तुमच्या नियमाने मला तुमच्यापर्यंत येऊ दिले नाही. याबद्दल मी तुमच्याशी भांडणार होतो.

आज तुमच्या घरी पांढऱ्या कपड्यांतली माणसे दाटली होती. त्रिशरण, पंचशील झाले. मी अंगणात भिंतीशी उभा होतो. तुमचे यजमान म्हणाले, "सर, आत चला, दर्शन घ्या." मी नकारार्थी मान हलवली. त्यांना वाटले असेल, म्हातारा खचला. स्मशानभूमीतून परतल्यावर तुमची मुलगी बाळाला घेऊन अंगणात आली आणि तिने ते सरळ माझ्या पुढे धरले. "काका, घ्या हिला. आईनं तुमच्याबद्दल फार सांगितलंय."

मी दोन्ही हात पाठीमागे नेले. "लांब धर. मला सर्दी आहे."

एक नातेवाईक बाई पुटपुटल्या, "अहो, आजच्या दिवशी तरी..." तुमची मुलगी मात्र दोन पावले मागे सरली, बाळाला खांद्याशी घेतले आणि माझ्याकडे पाहत राहिली. "आईच बोलली असं वाटलं," ती म्हणाली आणि मग तिला रडू आले. सकाळपासून ती रडली नव्हती, असे यजमानांनी नंतर सांगितले.

उद्या शुक्रवार. सर्दी उतरत आली आहे, खोकला किरकोळ आहे, तोंडाला फडके बांधून राउंडला जाता येईल, असा आज सकाळपर्यंत माझा बेत होता. वॉर्डात दोन सिस्टर रजेवर आहेत हेही मला ठाऊक आहे. भांडणातली माझी बाजू अजून शिल्लक आहे, हे नोंदवून ठेवतो.

आत्ता वॉर्डात फोन केला. कांबळे सिस्टरांनी उचलला. रडून त्यांचा आवाज बसला होता.

"सिस्टर, मी उद्या येणार नाही."

"साहजिक आहे सर. आज तुम्हाला..."

"त्यासाठी नाही. मला सर्दी आहे."

त्यांच्या मागे एक बाळ रडत होते. मग नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

"बरं सर," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या डॉक्टरांना सांगते."

मी फोन ठेवला. कपाटातून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला आणि फोन पुसून घेतला.